शेरखानचा आवाज : मुरूडचा माणूस, वैनगंगेचा वाघ

(भिवंडीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘लहान मुलांच्या कार्टून मालिका आणि आवाजाचे कलावंत’. विषय मोठा आहे. दीड तासात तो घ्यायचा म्हटलं तर मी नावं वाचत बसेन आणि तुम्ही घड्याळ बघत बसाल. म्हणून मी एकच आवाज घेणार आहे. तोही अशा माणसाचा, जो आवाजाचा व्यावसायिक कलावंत नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, त्यातल्या शेरखानचा आवाज. नाना पाटेकर.

तुमच्यातले जे आज पस्तिशी-चाळिशीचे आहेत त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी हललं, मला इथून दिसलं. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. ही मालिका जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९-९० मध्ये बावन्न भागांची केली. गोष्ट किपलिंगची, चित्रं जपानी, आणि आपल्याकडे आली ती हिंदीत. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांची. ते गाणं मी इथे म्हणणार नाही. म्हणायला लागलो तर सगळं सभागृह म्हणेल आणि व्याख्यान तिथेच संपेल. गाण्याबद्दल तीस वर्षं सगळे बोलतायत. आवाजाबद्दल मात्र लोक ‘अरे, तो नाना होता ना’ एवढं म्हणतात आणि पुढे जातात. ही ओळख झाली. ऐकणं झालं नाही. आज आपण जरा ऐकू या.

किपलिंगचा वाघ आधी बघावा लागेल. ‘द जंगल बुक’ १८९४ चं. त्यातला शेरखान राजेशाही वगैरे अजिबात नाही. तो जन्मापासून लंगडा आहे, त्याची आईच त्याला ‘लंगडी’ म्हणायची, आणि शिकार साधत नाही म्हणून गुरं मारतो. राहतो वैनगंगेच्या काठी. आता वैनगंगा म्हणजे सिवनीत उगम पावून आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे उतरणारी नदी. तेव्हा वाघ आपल्या शेजारचाच म्हणायचा. आणि लेखक? किपलिंग जन्मला मुंबईत, ३० डिसेंबर १८६५ ला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे. त्याच आवारात पुढे शंभर-एक वर्षांनी मुरूड-जंजिऱ्याचा एक मुलगा उपयोजित कला शिकायला आला. तो नाना. यातून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर असा हा लंगडा, चिडका वाघ. त्याला आवाज कुठला द्यायचा? १९६७ च्या डिस्नेच्या चित्रपटात जॉर्ज सँडर्सने दिला होता. उच्चभ्रू इंग्रज साहेब, अर्धे मिटलेले डोळे, आवाज कधी चढतच नाही. हा वाघ क्लबातल्या आरामखुर्चीतून उठून आलाय असं वाटतं. डिस्नेलाही ते इतकं आवडलं की ‘टेलस्पिन’ मालिकेत त्यांनी शेरखानला थेट सुटाबुटातला उद्योगपती केलं. ती मालिकाही आपल्याकडे दूरदर्शनवर हिंदीतून यायची. म्हणजे नव्वदीच्या दशकातल्या मुलाने दोन शेरखान पाहिले, एक टाय लावलेला आणि एक आपला. टाय लावलेला कुणाच्या स्वप्नात आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

नानाने काय केलं? त्याने वाघाला साहेब केलं नाही, राजाही केलं नाही. त्याने वाघाला एक तक्रार दिली. हा माझा मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नानाची तोवरची कारकीर्द बघा. रंगभूमीवर जयवंत दळवींचं ‘पुरुष’. १९८६ ला ‘अंकुश’, बेकार पोरांची गोष्ट. १९८९ ला ‘परिंदा’. १९९१ ला ‘प्रहार’, तो त्याने स्वतः दिग्दर्शित केला. या सगळ्यांत एक समान सूर आहे. माणूस बोलतोय तो हक्काचं काहीतरी हिसकावलं गेल्यासारखा बोलतोय. मग तो चांगला असो की खलनायक. आता किपलिंगचा शेरखान पहिल्याच प्रकरणात येऊन काय म्हणतो? ते पोर माझं आहे. माझी शिकार होती, तुमच्या गुहेत शिरली, परत द्या. कथेच्या पहिल्या पानापासून तो फिर्यादी आहे! सँडर्सच्या साहेबाला फिर्याद करायची गरजच नसते, जग त्याचंच असतं. नानाच्या वाघाला मात्र रोज येऊन पुन्हा सांगावं लागतं. त्या सांगण्यात एक खदखद आहे. मी तयारीसाठी काही भाग पुन्हा ऐकले, चित्राकडे पाठ करून, नुसते कानाने. चित्र नसताना तो वाघ वाटतच नाही. चाळीच्या जिन्यात उभा राहून घराच्या वाटणीवरून बोलणारा थोरला भाऊ वाटतो. आणि मुलांना त्याची भीती का वाटायची याचं उत्तर तिथेच आहे. वाघ कुणी पाहिला होता? असा माणूस मात्र प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारी एक तरी होता.

आणि आता ‘परिंदा’. त्यातला अण्णा आठवा. या भूमिकेसाठी नानाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सहायक अभिनेत्याचा. हा अण्णा कुणालाही घाबरत नाही, एक गोष्ट सोडून. आग. आग दिसली की या क्रूर माणसाचं लहान मूल होतं, आणि शेवटी तो जळूनच मरतो. शेरखान कशाला घाबरतो? आगीलाच. जंगलातले प्राणी ज्याला लाल फूल म्हणतात त्याला. चार वर्षांच्या अंतराने एकाच नटाला दोन पात्रं मिळाली, दोघंही दहशत बसवणारी आणि दोघांच्याही मर्मावर तोच निखारा. हे कुणी ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. पण ‘परिंदा’मध्ये नानाला एक गोष्ट सापडली होती : क्रूर माणसाच्या आवाजात भीती आधीपासून असावी लागते, आग समोर येण्याच्या कितीतरी आधी. शेरखान गुरगुरतो तेव्हा त्या गुरगुरण्याच्या बुडाशी ती असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण ऐकू येतं. याचमुळे तो वाघ नुसता बागुलबुवा झाला नाही.

थोडं तंत्राबद्दल. जपानी टीव्ही-मालिकांत पैसे वाचवण्यासाठी पात्राचं तोंड दोन-तीनच चित्रांत उघडतं आणि मिटतं. ओठांचे आकार शब्दागणिक बदलत नाहीत. त्यामुळे डबिंगवाल्याला ‘प’ आणि ‘म’ ओठांवर बसवायची फार चिंता नसते, सांभाळायची ती लांबी. तोंड हलतंय तोवर बोला, मिटलं की थांबा. मूळ जपानी वाक्य लांब असेल तर हिंदीत शब्द भरावे लागतात, नाहीतर ताणावे लागतात. बरेच जण ताणतात. तो ओढलेला कार्टूनी सूर तुम्ही ऐकलाच असेल, प्रत्येक वाक्य जणू रबराचं. नाना ताणत नाही. तो वाक्याचे तुकडे पाडतो. दोन शब्द, थांबा. चार शब्द झरझर, थांबा. पडद्यावर आणि रंगमंचावर त्याची ही सवयच आहे, पुढे तिची मिमिक्री करून लोकांनी चोथा केला. पण इथे ती सवय तंत्राच्या कामाला आली. तोंड उघडं-मिट, उघडं-मिट होणाऱ्या चित्राला तुटक बोलणारा माणूसच हवा होता.

आता जे बोलणार आहे त्यासाठी ही जागा, म्हणजे भिवंडी, महत्त्वाची आहे. पुण्यात हेच व्याख्यान दिलं असतं तर कदाचित हा भाग गाळलाही असता.

वाघाचं नाव काय? शेरखान. खान. खलनायक आहे, माणसाच्या पोराच्या जिवावर उठलाय, आणि नाव खान. साल १९९३. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबईत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. भिवंडीनेही ते आधी भोगलं होतं, १९७० ला आणि १९८४ ला. आणि याच भिवंडीने ९२-९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, स्वतःला शांत ठेवलं. मोहल्ला कमिट्या आणि पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांचं नाव त्या संदर्भात आजही घेतलं जातं. त्याच सुमारास घराघरांत एक वाघ येऊन बसला. यंत्रमागाच्या खटखटीत आवाज वाढवून लोक तो ऐकत होते. अन्सारींच्या घरात ऐकत होते, पद्मशालींच्या घरात ऐकत होते, आजूबाजूच्या आगरी पाड्यांत ऐकत होते.

हिंदी चित्रपटाला एक शेरखान आधीच माहीत होता. १९७३ चा ‘जंजीर’, प्राण. लालसर केस, पठाणी वेश, पठाणी बोली. दिलदार माणूस, मित्रासाठी जीव टाकणारा. म्हणजे ‘शेरखान’ म्हटलं की कसं बोलायचं याचा साचा हिंदीत तयार होता, नुसता उचलायचा होता. डबिंग करणाऱ्यांनी तो उचलला असता, वाघाच्या तोंडी थोडी पठाणी नाहीतर थोडी नवाबी उर्दू घातली असती, तर कुणाला वावगंही वाटलं नसतं. ‘नाव खान आहे, मग तसंच बोलणार’ इतकी साधी गोष्ट. आणि मग काय झालं असतं? दर आठवड्याला, मुलांच्या वेळेत, एका विशिष्ट समाजाच्या बोलीत बोलणारा एक दुष्ट वाघ त्या वर्षी घरोघर गेला असता.

ते झालं नाही, कारण वाघ मराठी माणसाच्या हिंदीत बोलला.

मराठी माणसाचं हिंदी म्हणजे काय ते इथे बसलेल्यांना मी काय शिकवणार. ‘है’वर आपण रेंगाळत नाही, क्रियापदावर आपटून थांबतो. ज्या शब्दाला उर्दूवाला घशातून हळुवार सोडतो त्याला आपण दातांनी धरतो. नानाचं हिंदी शुद्ध नाही असं मी म्हणत नाही, त्याचं हिंदी स्वच्छ आहे. पण त्याखाली कोकणातली जमीन आहे. त्या हिंदीने ‘खान’ या शब्दाला त्याच्या समाजापासून अलगद सोडवलं. शेर आणि खान असे दोन शब्द राहिले नाहीत, मराठी कानाला तो एकच शब्द झाला. शेरखान, वाघोबासारखा. आणखी एक गंमत बघा, नाना मुरूडचा. जंजिरा हे १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांचं संस्थान होतं. म्हणजे खानसाहेब, नवाबसाहेब हे शब्द त्या गावात परके नव्हते, पण कुणाला शिवीसारखेही वाटत नव्हते.

हे श्रेय नानाचं की ज्याने त्याला निवडलं त्याचं? माझ्या मते निवडीचं जास्त. नट आपल्या परीने बोलला. पण भूमिका कुणाच्या तोंडी द्यायची हा डबिंगमधला सगळ्यात मोठा निर्णय असतो, आणि समीक्षा त्याकडे कधीच बघत नाही. अनुवादावर आपण थोडंफार लिहितो. आवाजाच्या निवडीवर कोण लिहितं?

मला कल्पना आहे की याला उलट बाजूही आहे. त्याच काळात नाना पडद्यावर ‘तिरंगा’ करत होता, लगेच पुढच्या वर्षी ‘क्रांतिवीर’ आला. त्यातली त्याची भाषणं आठवा. एक मोठा प्रेक्षक त्या आवाजाला राष्ट्राचा आवाज समजत होता. मग त्याच आवाजाने शेरखान बोलला याचा अर्थ काय लावायचा? एका अर्थी ते उलटंच झालं. जो आवाज मोठ्यांना थिएटरात सांगत होता की शत्रू कोण, तोच आवाज टीव्हीवर मुलांना सांगत होता की शत्रू मी आहे. मुलांना अर्थातच हे कळत नव्हतं. नाना पाटेकर कोण हेच बऱ्याच मुलांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो वाघाचाच आवाज होता, आणि माझ्या मते त्या कामाचं बळ तिथेच होतं.

जरा बाजूला जाऊन दुसऱ्या एका आवाजाबद्दल बोलतो, कारण सालही तेच. १९९३. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. म्हणजे एकाच वर्षी मराठी मुलांना घाबरवणारे दोन आवाज, दोन्ही मराठी नटांचे, आणि दोघांचीही देहबोली दिसत नाही. एकात बाहुला, एकात काढलेला वाघ. पण प्रभावळकरांनी काय केलं ते ऐका. त्यांनी भीतीला सतत गुदगुल्या केल्या. तात्या विंचूला तुम्ही घाबरता आणि हसता, हसता म्हणून पुन्हा बघता. तो आवाज वेषांतर करणाऱ्या नटाचा आहे, मूळचे प्रभावळकर त्यात सापडत नाहीत. चिमणरावात सापडत नाहीत, ‘चौकट राजा’मध्ये सापडत नाहीत, तसेच इथेही नाहीत. नाना मात्र आवाज बदलत नाही. तो स्वतःचाच आवाज वाघाच्या कातड्यात घालतो. आवाजाची कला म्हणून पाहिलं तर प्रभावळकरांचं काम अवघड आहे, हे मी मान्य करतो. आवाजाच्या धंद्यातले लोक सांगतात की खरा कलावंत तो, ज्याला ओळखता येत नाही. नानाचा शेरखान या नियमात बसत नाही. तरी तो टिकला, आणि नियमात बसणारे कितीतरी विसरले गेले. याचं मला पूर्ण उत्तर देता येत नाही. थोडं उत्तर असं की लहान मुलाला कसब ऐकू येत नाही, हेतू ऐकू येतो.

कसबाचीच गोष्ट निघाली तर मेल ब्लँकचं नाव घ्यायलाच हवं. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, एकटा माणूस. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमध्ये बराच काळ आवाजाच्या श्रेयनामावलीत त्याचंच एकट्याचं नाव असायचं. त्याने स्वतः सांगितलंय की त्याने पगारवाढ मागितली होती, ती दिली नाही, त्याऐवजी पडद्यावर नाव दिलं. त्या काळी आवाजवाल्याचं नाव येणं हीच नवलाई. १९६१ मध्ये त्याला मोटार अपघात झाला, बेशुद्धीत होता. त्याची प्रसिद्ध हकीकत अशी की डॉक्टरांच्या हाकेला मेल ब्लँक म्हणून तो उत्तर देईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय बग्ज बनी, कसं वाटतंय? आणि ससा बोलला. खरं किती, खुलवलेलं किती, सोडून देऊ. पुढे सगळं अंग प्लास्टरमध्ये असताना त्याने बिछान्यातूनच ‘फ्लिंटस्टोन्स’चं ध्वनिमुद्रण केलं. बार्नी रबल हसतोय, खदखदून, आणि ज्याचा तो आवाज आहे त्याला कूससुद्धा बदलता येत नाही. तिकडे जपानात नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत, सव्वीस वर्षं, डोरेमॉनला आवाज दिला.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत का? आहेत. मेघना एरंडे यांचा ‘निंजा हातोरी’ हिंदीत ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली, ‘नॉडी’ही त्यांचाच. मराठी बाई. चेतन सशितल आहेत, संकेत म्हात्रे आहेत. हिंदी डबिंगच्या धंद्यात मराठी माणसं भरपूर, कारण धंदा मुंबईत आणि मराठी नट रंगभूमीवर तासून निघालेला. आकाशवाणीच्या काळापासून आपल्याकडे ही परंपरा आहे. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. रस्त्यात भेटले तर ओळखू येणार नाहीत, बोलले की ओळखू येतील. हातोरीचा आवाज देणाऱ्या बाई लोकलमध्ये तुमच्या शेजारी बसल्या असतील आणि तुमच्या मुलाला कळलंही नसेल. त्यांच्या कामावर मराठीत मुलाखती येतात, ‘जरा तो आवाज काढून दाखवा ना’ अशा. समीक्षा येत नाही.

बरं, पुन्हा वाघाकडे. तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ आला. जॉन फॅवरो दिग्दर्शक. भारतात तो अमेरिकेच्या आधी एक आठवडा लागला, ८ एप्रिलला. इंग्रजीत शेरखान इद्रिस एल्बाचा, हिंदीत पुन्हा नानाचा. बल्लू इरफान, बगीरा ओम पुरी, का अजगर प्रियांका चोप्रा. पोस्टरवर आणि जाहिरातीत ही नावं. ते जुनं गाणंही नव्याने केलं.

एकच पात्र, एकच नट, एकच भाषा, दोन कामं. समीक्षकाला याहून सोयीचं काय असतं? दोन्ही शेजारी ठेवून ऐका. दुसरं काम मला कमी वाटतं. वाईट नाही. आवाजाला वयाचं वजन आलंय, खर्ज खोल गेलाय, गुरगुरणं जास्त दमदार आहे. चित्रही खऱ्या वाघासारखं. पण मधल्या तेवीस वर्षांत देशभरच्या नकलाकारांनी नानाचा एक साचा पाडून ठेवला होता, आणि २०१६ च्या चित्रपटात आपण नानाला तो साचा सांभाळताना ऐकतो. लोकांना ‘नाना’ ऐकायचा होता, त्याने ‘नाना’ दिला. १९९३ मध्ये वाघ आधी ऐकू येतो आणि मग कधीतरी मोठेपणी कळतं की अरे, हा नाना. २०१६ मध्ये नाना आधी ऐकू येतो आणि वाघ नंतर, तोही चित्र बघितल्यावर.

बाकीच्या आवाजांतही फरक आहे. इरफानच्या बल्लूला पंजाबी लहेजा दिला. धमाल आहे, मी खूप हसलो. पण तो लहेजा दागिन्यासारखा वरून घातलेला, ‘बघा, आता हा पंजाबी बोलणार’ असा. नानाच्या पहिल्या शेरखानात मराठीपण असं घातलेलं नव्हतं, ते काढता येत नव्हतं म्हणून राहिलं होतं.

मात्र आगीचं वर्तुळ २०१६ मध्ये पूर्ण झालं. या चित्रपटातल्या शेरखानचा चेहराच आगीने भाजलेला आहे, मोगलीच्या बापाने जाळलाय, आणि शेवटी तो आगीतच कोसळतो. थेट अण्णा! पुढे २०१८ ला नेटफ्लिक्सवर आणखी एक ‘मोगली’ आला. हिंदीत त्याचा शेरखान जॅकी श्रॉफ, बल्लू अनिल कपूर, आणि माधुरी दीक्षितही त्यात. म्हणजे ‘परिंदा’चा अख्खा संच, फक्त नाना नाही. आणि ‘परिंदा’त अण्णाला जाळतो कोण? जॅकीच. हा योगायोग मला एखाद्या रात्री झोपू देत नाही, पण त्यातून सिद्धांत काढायचा मोह मी टाळतो.

वेळ होत आली आहे. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली : ‘हा वाघ मराठीत का बोलला नाही? मराठी आवाज हिंदीला द्यायचा आणि मराठी मुलांनी हिंदीच ऐकायचं, हे तुम्हाला खटकत नाही का?’

खटकतं. मुंबई दूरदर्शनवर मराठीत ‘किलबिल’ होतं, पाध्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई होते, म्हणजे मुलांसाठी मराठी आवाज नव्हता असं नाही. पण बावन्न भागांची कार्टून मालिका घेऊन ती मराठीत करायला पैसा आणि वेळ देणारं कुणी नव्हतं. तेव्हा मराठी नटांनी जे केलं ते असं की स्वतःची भाषा आत ठेवून वरून हिंदी बोलले. मला हा तोटाच वाटतो. पण भिवंडीपुरतं बोलायचं तर दुसरंही म्हणावं लागेल. इथल्या घरांत काय काय बोलतात? उर्दू, पूरबी, तेलुगू, आगरी, कोकणी मुसलमानांची कोकणी, वारली, आणि आपली मराठी. कार्टूनचं हिंदी यातल्या कुणाच्याच घरचं नव्हतं. त्यामुळे शाळेच्या मैदानात शेरखान व्हायचं असेल तर सगळ्यांनाच एक परकी भाषा बोलावी लागत होती, आणि त्यात सगळे सारखेच कच्चे होते. मराठीत आला असता तर मराठी पोरं पक्की झाली असती, बाकीची प्रेक्षक. मी हे हिंदीच्या बाजूने बोलत नाहीये. झालं काय, ते सांगतोय.

दुसरी चिठ्ठी उर्दू शाळेतल्या एका शिक्षिकेची आहे असं खाली लिहिलंय. ‘आपण म्हणालात की आवाजामुळे खान या नावाचा डंख गेला. आमच्या मुलांना विचारलंत का?’

बाई, प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं आवाजापुरतं होतं. आवाजाने डंख वाढवला नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. तो पूर्ण गेला हे म्हणण्याचा अधिकार माझा नाही, तुमच्या विद्यार्थ्यांचा आहे. खेळात वाघ कोण व्हायचं, आणि ते कोण ठरवायचं, हे मलाही ऐकायचंय. आज तुमच्यासोबत कुणी जुने विद्यार्थी आले असतील तर माइक खाली द्या, मी बसतो.